संघर्ष कळला, आता काम सांगा

मराठीत सध्या गप्पांचा सुकाळ आहे. सौमित्र पोटेंचं ‘मित्रम्हणे’ आहे, सुलेखा तळवलकरांचं ‘दिल के करीब’ आहे, ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचं ‘अमुक तमुक’ आहे, ‘व्हायफळ’ आहे. क्रिकेटसाठी सुनंदन लेलेंचं चॅनल आहे. नट, दिग्दर्शक, गायक, खेळाडू माइकसमोर येऊन बसतात आणि मनसोक्त बोलतात. मी यातलं बरंच ऐकतो. पिंपळे गुरवहून हिंजवडीचं अंतर फार नाही, वेळ मात्र भरपूर लागतो. जगताप डेअरी ते वाकडच्या गर्दीत एका नटाचं बालपण आरामात संपतं, आणि संध्याकाळी परत येताना त्याचा संघर्ष.

तक्रार करायची आहे, पण आधी श्रेय देऊ. टीव्हीवर कलाकाराला बोलायला मिळायचं ते दोन जाहिरातींच्या मधल्या फटीत. या नव्या गप्पांनी माणसाला वाक्य पूर्ण करायला वेळ दिला. बोलता बोलता कुणी थांबतं, आठवतं, स्वतःचंच म्हणणं दुरुस्त करतं. ज्यांना आपण वर्षानुवर्षं ‘त्या सिनेमातले काका’ एवढंच ओळखत होतो, त्यांचं नाव-गाव कळलं. मराठीत एवढा वेळ घेऊन, एवढ्या लोकांना, एवढ्या आस्थेनं कुणी बसवलं नव्हतं. हे काम छोटं नाही.

प्रश्न एवढाच आहे की, हा जो वेळ मिळाला त्याचं आपण काय केलं?

नटाचा एपिसोड डोळ्यांसमोर आणा. लहान गाव किंवा चाळ. शाळेतलं स्नेहसंमेलन. कॉलेजात आल्यावर पुरुषोत्तम करंडक. घरच्यांचा विरोध. मुंबईत मित्राच्या खोलीवर जमिनीवर टाकलेली गादी. पहिला चेक. एका ज्येष्ठ नटानं पाठीवर मारलेली थाप. डोळ्यांत पाणी, थोडी शांतता. मग रॅपिड फायर, आणि शेवटी नव्या सिनेमाची तारीख. गायक असेल तर करंडकाच्या जागी गुरूंचा ओरडा ठेवा. खेळाडू असेल तर पत्र्याचं घर आणि आईनं गहाण टाकलेले दागिने. बाकी साचा तोच.

यातलं काही खोटं नाही. माणसं खरोखर अशीच वर आली आहेत आणि ते ऐकताना पोटात कालवतं. पण हे सगळं त्या माणसाचं काम सुरू होण्याआधीचं आहे. ज्या कामामुळे तो आज त्या खुर्चीवर बसलाय, त्याच्या वाट्याला फार थोडी मिनिटं येतात. आणि ती आली की होस्टकडे शब्द असतात तीन-चार: कमाल, भारी, अंगावर काटा, शब्दच नाहीत. शब्दच नाहीत हे मात्र खरं.

आमच्या धंद्यात मध्यरात्री सर्व्हर झोपला की दुसऱ्या दिवशी एक कागद लिहावा लागतो. त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. पहिला अलर्ट किती वाजता आला, कुणी काय बघितलं, आधी कशावर संशय घेतला, तो का सोडला, शेवटी नेमकं काय बदललं. कुणावर खापर फोडायचं नाही आणि कुणाची आरतीही ओवाळायची नाही, हा नियम. वाचायला रुक्ष प्रकार असतो. पण असे दहा कागद वाचले की नव्यानं आलेल्या मुलाला सिस्टीम कळायला लागते. त्या कागदात ‘त्या क्षणी तुला काय वाटलं?’ असा रकाना नसतो. ‘त्या क्षणी तू काय केलंस?’ असा असतो. आपल्या गप्पांत पहिला प्रश्न पुन्हापुन्हा येतो. दुसऱ्याची वाट बघत बसावं लागतं.

दुसरा प्रश्न विचारला तर काय हाती लागेल, याची दोन उदाहरणं घेऊ. एक खेळातलं, एक सिनेमातलं.

अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, सैन्यातला जवान. त्याची गोष्ट म्हटलं की दुष्काळी गाव, शाळेपर्यंतची पायपीट, सियाचीनची ड्युटी हे सगळं येतंच, आणि यायलाही हवं. पण 6 ऑगस्ट 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 11.20 सेकंदांत धावला. सुवर्णपदक घेणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोतची वेळ होती 8 मिनिटं 11.15 सेकंद. फरक पाच शतांश सेकंदाचा. या शर्यतीत 28 अडथळे असतात आणि 7 वेळा पाण्यावरून उडी. हे अडथळे साध्या हर्डलसारखे धक्का लागला की पडत नाहीत. पाय आपटला तर धावणारा पडतो. म्हणजे एकंदर 35 उड्या, आणि हिशेब पाच शतांशांचा.

आता मला सांगा, समोर हा माणूस बसलाय आणि हातात तास-दीड तास आहे, तर काय विचाराल? शेवटच्या फेरीत किबिवोतच्या मागे राहायचं की बाहेरून जायचं, हे कधी ठरवलंस? पाण्याच्या उडीला पुढचा पाय पाण्यात कुठे पडला तर वेग तुटत नाही? घोळक्यात पळताना पुढचा अडथळा दिसतच नाही, तेव्हा पावलं कशी मोजतोस? या प्रश्नांची उत्तरं जगात फार थोड्या लोकांकडे आहेत आणि त्यातला एक मराठी बोलतो. त्याला आपण विचारणार, की पदक मिळालं तेव्हा आईला फोन केलास का.

सिनेमाचं उदाहरण ‘सैराट’चं. 29 एप्रिल 2016 ला तो लागला, त्यानंतर महाराष्ट्रात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी सिम्फनी ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानाची बातमी म्हणून सांगितली जाते: मराठी पोरं हॉलिवूडला गेली. बरोबर आहे, अभिमान वाटतोच. पण कुतूहल त्याच्या पुढे सुरू होतं. ऑर्केस्ट्रातले वादक समोरच्या कागदावर लिहिलेलं वाजवतात. आपली चाल गळ्यात किंवा पेटीवर जन्मते, तिच्यातले स्वर एकमेकांत घसरत जातात. ती घसरण कागदावर कशी लिहिली? मराठीचा गंध नसलेल्या व्हायोलिनवाल्यांना ‘इथे पोरगा विहिरीत उडी घेतोय’ हे सांगावं लागलं का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: एवढा ऑर्केस्ट्रा हाताशी असताना सिनेमाचा शेवट मुका ठेवायचा, हे कधी ठरलं? लिहितानाच, शूटिंगच्या दिवशी, की एडिटच्या टेबलावर? त्या शांततेनं अख्खं थिएटर गोठवलं. ती कुणाच्या डोक्यातून आली, कुणी विरोध केला का, संगीताचा एखादा तुकडा लावून बघितला होता का? एका एपिसोडला एवढं पुरेसं आहे. बालपणाला हात लावायचीसुद्धा गरज नाही.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: लोकांना एवढं तांत्रिक आवडत नाही. मला हे पटत नाही, कारण क्रिकेट. सृष्टी चौकातल्या कुठल्याही टपरीवर मॅचच्या दुसऱ्या दिवशी उभे राहा. चेंडू कुठे टप्पा पडला, आत आला की बाहेर गेला, कर्णधारानं तिसऱ्या स्लिपचा माणूस काढायलाच नको होता, हे बोलणारे लोक कुठल्या अकादमीतून आलेले नसतात. क्रिकेटच्या कामाबद्दल बोलायला मराठी माणसाकडे शब्द आहेत, कारण ते त्याला दिले गेले. आकाशवाणीवरच्या मराठी धावत्या समालोचनानं दिले, बाळ ज. पंडित हे त्यातलं मोठं नाव. महाराष्ट्र टाइम्समध्ये वि. वि. करमरकरांनी खेळाच्या पानाला मानाची जागा मिळवून दिली, त्यातून दिले. पायचीत, यष्टिरक्षक, त्रिफळा हे शब्द आज आपोआप तोंडात येतात. आजही सुनंदन लेले मैदानावरून बोलतात तेव्हा खेळपट्टी आणि सराव यांचा विषय निघतो आणि ऐकणारा कंटाळून बंद करत नाही. म्हणजे ऐकणाऱ्याची कुवत आहे. सिनेमा आणि गाण्याच्या बाबतीत त्याला कुणी शब्द पुरवले नाहीत, म्हणून तो ‘भारी’वर थांबतो.

या गप्पांचे पूर्वजही आपल्याकडे आहेत. पॉडकास्ट हा शब्द कुणाला माहीत नव्हता तेव्हा शिरीष कणेकर एकटे रंगमंचावर उभे राहून ‘माझी फिल्लमबाजी’ करायचे. एका माणसाला सिनेमावर बोलताना ऐकायला लोक तिकीट काढून जायचे, विचार करा. सिनेमासाठी ते, क्रिकेटसाठी ‘फटकेबाजी’, नटनट्यांवर ‘यादों की बारात’, हिंदी सिनेसंगीतातल्या माणसांवर ‘गाये चला जा’. दुसरे द्वारकानाथ संझगिरी. शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर, नोकरी मुंबई महापालिकेत, लिहायचे क्रिकेटवर आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांत रमायचे. सिनेमा, नट, गाणी, खेळ: आज पॉडकास्टवर जी चौकट दिसते ती या दोघांनी एकेकट्यानं भरून काढली होती. कणेकर 2023 मध्ये गेले, संझगिरी 2025 मध्ये.

कणेकरांचं सगळं मला पटतं असं अजिबात नाही. लता आणि दिलीपकुमार म्हटलं की देव्हारा, आणि नंतरचं काही आलं की नाक मुरडणं, हे बऱ्याचदा होतं. पण त्यांच्याशी भांडता येतं. अमुक नट ठोकळा आहे असं ते म्हणाले की तुम्हाला मान डोलवावी लागते किंवा तावातावानं नाही म्हणावं लागतं, आणि दोन्हींसाठी तो सिनेमा परत आठवावा लागतो. त्यांची अडचण वेगळी होती: समोर त्यांना अडवायला कुणी नसायचं. आजच्या गप्पांत समोर माणूस आहे, पण तो अडवत नाही. ‘तुमचा मधला सिनेमा मला जमलेला वाटला नाही, तुम्हाला काय वाटतं?’ हे वाक्य प्रेमानं, हसत, चहा पीत विचारता येतं. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी दहा-बारा वर्षांपूर्वी ‘कास्टिंग काउच’मध्ये पाहुण्याची बिनधास्त फिरकी घ्यायचे, आणि पाहुणे हसत सहन करायचे. मधल्या काळात आपण फारच सभ्य झालो.

या सगळ्यावरचं सगळ्यात नेमकं भाष्य मला एका सिनेमात सापडलं. चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’. 2020 मध्ये व्हेनिसला त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचं पारितोषिक मिळालं. शरद नेरूळकर हा शास्त्रीय संगीत शिकणारा मुलगा रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवतो. कानात हेडफोन. त्यात माई नावाच्या थोर गायिकेचं ध्वनिमुद्रित बोलणं चालू असतं: साधना, त्याग, एकटेपण. माई आपल्याला भेटतात त्या फक्त आवाजातून, आणि तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. पुढे शरद एका जाणकाराला भेटतो. त्याच्याकडे दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा साठा आहे, आणि तो माईंबद्दल, शरदच्या गुरूंबद्दल आतल्या गोष्टी सांगायला लागतो. शरदला ते सहन होत नाही.

कलेबद्दल बोलायच्या दोन पद्धती ताम्हाणेनं इथे समोरासमोर ठेवल्या आहेत. एक प्रवचन, दुसरी कुचाळकी. एक माणसाला देव्हाऱ्यात बसवते, दुसरी त्याच देव्हाऱ्याखालचा कचरा दाखवते. दोन्हींत गाणं कुठेच नाही. शरदच्या कानात माईंचं गाणं नसतं, गाण्याबद्दलचं बोलणं असतं; आणि त्या बोलण्यानं त्याचा एक आलाप सुधारत नाही. रात्रीच्या मोटारसायकलवरचा तो मुलगा पॉडकास्ट ऐकणाऱ्या आपल्या पिढीचं चित्र आहे असं मला वाटतं. आपणही प्रेरणा कानात भरून फिरतोय. आणि आपल्या गप्पाही याच दोन टोकांत झुलतात: एपिसोड प्रवचनाचा, त्यातून कापलेली रील कुचाळकीची. ‘सेटवर त्या दिवशी काय घडलं?’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेला थंबनेल उघडावा, तर आत असतं इतकंच, की कुणीतरी उशिरा आलं होतं.

असं का होतं, हेही सरळ आहे. मराठी मनोरंजनाचं जग लहान आहे. आज ज्याला टोचणारा प्रश्न विचाराल, त्याचा मित्र पुढच्या आठवड्यात तुमचा पाहुणा असतो. पाहुणे बहुतेकदा सिनेमा लागायच्या आठवड्यात येतात. मराठी सिनेमाला शो मिळवतानाच मारामार, तेव्हा त्या आठवड्यात कुणी शंका काढावी असं त्यांना वाटणार नाही. होस्टलाही चॅनल चालवायचं आहे, आणि ते चालतं मिनिटभराच्या तुकड्यांवर. रडू मिनिटभरात मावतं. पाण्याच्या उडीचं तंत्र मावत नाही. यात कुणी खलनायक नाही, सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत. तरी शेवटी जो माल तयार होतो तो जाहिरातीच्या बाजूला झुकलेला असतो, आणि आपण त्याला मनमोकळ्या गप्पा म्हणतो.

चालू दे की, मनोरंजनच तर आहे, असं म्हणता आलं असतं. मला ते म्हणवत नाही, याचं कारण आमच्या पिंपळे गुरवमध्येच आहे. इथल्या महापालिकेच्या नाट्यगृहाला निळू फुले यांचं नाव आहे. माझ्या वयाच्या लोकांना निळूभाऊ माहीत आहेत ते मिमिक्रीतून: वाडा, धोतर, ते बेरकी हसू. फार तर त्यांचा संघर्ष माहीत असतो, की ते पुण्यात सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे, सेवादलात होते. पण जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ बघा, 1979 चा. गावोगावच्या प्रेक्षकांनी ज्याला खलनायक म्हणूनच धरून ठेवलं होतं, तो नट इथे दिगू टिपणीस नावाचा पत्रकार आहे. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी बोलत असतात आणि हा ऐकत असतो. डॉ. लागू, अरुण सरनाईक, सतीश दुभाषी असे एकाहून एक बोलणारे समोर, आणि सिनेमा तोलून धरतो तो ऐकणारा माणूस.

हे कसं केलं? नुसतं ऐकण्याचा अभिनय म्हणजे नेमकं काय? ‘सामना’तल्या हिंदूरावाचा रुबाब अंगातून काढून टाकायला चालीत, खांद्यात, नजरेत काय बदललं? निळूभाऊ 13 जुलै 2009 ला गेले. दोन-दोन तासांच्या मराठी गप्पांचं युग तेव्हा सुरू व्हायचं होतं. आज त्यांना हे विचारता येत नाही. माळीकाम आपल्यापर्यंत पोचलं, दिगू टिपणीस घडवणारे हात पोचले नाहीत.

खरी किंमत इथे मोजावी लागते. आज जे एपिसोड रेकॉर्ड होतायत, तेच तीस वर्षांनी या लोकांबद्दलचं आपलं दफ्तर असणार आहे. सुमित्रा भावे 2021 मध्ये गेल्या, विक्रम गोखले 2022 मध्ये. अशोक सराफ आपल्यात आहेत. ‘अशी ही बनवाबनवी’तल्या विनोदाचा एक-एक विराम त्यांनी कुठे घेतला आणि समोरच्या तिघांचा वेग कसा सांभाळला, हे सांगू शकणारा माणूस समोर बसलेला असताना आपण त्यांना आवडता पदार्थ विचारणार असू, तर पुढच्या पिढीच्या हाती रेसिपी लागेल. विनोद लागणार नाही.

उपाय अवघड नाहीत, नवे कॅमेरेही लागत नाहीत. एका एपिसोडला एकच गोष्ट घ्या: एक प्रसंग, एक गाणं, एक शर्यत. परवानगी मिळत असेल तर ती समोर लावा आणि मध्ये थांबवत विचारा. सिनेमा लागायच्या आठवड्यात बोलवूच नका, तो उतरल्यावर सहा महिन्यांनी बोलवा. तेव्हा माणूस खरं बोलतो. दर चार प्रसिद्ध चेहऱ्यांमागे एक न दिसणारा माणूस आणा: संकलक, ध्वनिमुद्रक, तबलजी, खेळपट्टी बनवणारा. आणि प्रत्येक एपिसोडमध्ये निदान एकदा, नम्रपणे, पाहुण्याशी असहमत व्हा. जो कलाकार तेवढ्यानं उठून जाईल, त्याच्याशी दोन तास बोलून तसंही फार काही मिळालं नसतं.

मग बालपण दहा मिनिटांत उरकलं तरी चालेल. आणि नवा सिनेमा कधी लागतोय ते सांगायची तर गरजच नाही. ते आम्ही बुकमायशोवर बघतो.